तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे?

कोकणातल्या बऱ्याच शाळांच्या व्हरांड्यात आता तक्रारपेटी टांगलेली दिसते. पत्र्याची, वर फट, खाली छोटं कुलूप. शाळा द्विशिक्षकी, पटसंख्या चौदा. किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. अशा शाळेत चिठ्ठी टाकणाऱ्या मुलाचं अक्षर गुरुजींना पाठ असतं, आणि पेटीपाशी कोण उभं होतं ते अर्ध्या वाडीला दिसतं. तक्रार त्या दोन शिक्षकांपैकीच एकाबद्दल असली, तर पेटी आणि भिंत यांत काही फरक उरत नाही. तरी तपासणीच्या रकान्यात ‘पेटी आहे’ एवढी खूण झाली की शाळा सुरक्षित ठरते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन लहान मुलींवरचा अत्याचार उघड झाला. पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी तासन्‌तास पोलीस ठाण्यात बसावं लागलं, २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. माहिती असून पोलिसांना न कळवल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा दाखल झाला. त्यानंतर सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, शाळेत मुलांच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणारी सखी सावित्री समिती यांची पुन्हा एकदा सक्ती आली. हे सगळं हवंच. पण बदलापुरात चिमुरड्यांनी घरी सांगितलं होतं, पालकांनी पुढे सांगितलं होतं. बोलणारे बोलले. ऐकणाऱ्यांपाशी येऊन माहिती थांबली.

म्हणून आपल्या जनजागृतीची दिशाच मला चुकीची वाटते. वर्षातून एकदा कुणी पाहुणे येतात, चांगला स्पर्श-वाईट स्पर्श समजावतात, मुलं ‘नाही म्हणा, पळा, सांगा’ असं एका सुरात म्हणतात, फोटो निघतो. सांगायची जबाबदारी सात वर्षांच्या पोरावर टाकून आपण मोकळे होतो. ज्याला ते सांगणार, त्या मोठ्या माणसाने पुढच्या अर्ध्या तासात नेमकं काय करायचं, हे मात्र कुणीच शिकवत नाही. शाळांना मदत करायची तर ती आधी इथे करायला हवी.

कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा, लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याची माहिती असलेल्या, किंवा तो होईल अशी भीती वाटणाऱ्या कुणीही ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायची आहे. ‘कुणीही’ म्हणजे शिक्षक, शिपाई, आहार शिजवणाऱ्या मावशी, शेजारीण, खुद्द ते मूल. पुरावा जमवण्याचं काम त्यांचं नाही. पालकांची संमती लागत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मुलाला ही शिक्षा लागू नाही.

दुसरी बाजू शिक्षकांना कमी माहीत असते आणि भीती तिथेच असते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हे त्याच कलम १९ च्या सातव्या पोटकलमात आहे. कलम २२ ची शिक्षा जाणूनबुजून, दुष्ट हेतूने खोटी माहिती देणाऱ्याला आहे. तपासात काही सिद्ध झालं नाही म्हणून सांगणारा खोटा ठरत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अत्याचार ठाऊक असून न कळवणाऱ्या डॉक्टरवरचा रद्द झालेला गुन्हा पुन्हा कायम केला आणि माहिती असताना न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं बजावलं.

इतकं स्पष्ट असताना चुकतं कुठे? शाळेची सवय आडवी येते. शाळेतली प्रत्येक गोष्ट ‘योग्य मार्गाने’ जाते: शिक्षकाकडून मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट), गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी. रजेचा अर्ज असाच जातो, गळक्या छपराची तक्रारही अशीच जाते. मग मुलीने सांगितलेली गोष्टही त्याच टपालात पडते आणि ‘वरून आदेश आल्यावर बघू’ म्हणून थांबते. पोक्सोची वाट शिक्षण खात्यातून जात नाही. ती शिक्षकाकडून थेट ठाण्यात जाते. वरिष्ठांना कळवायचंच आहे, पण नंतर किंवा सोबत, परवानगीसाठी नव्हे.

या गोंधळात चोवीस तासांची भर पडली आहे. २०२४ च्या शासन निर्णयात अशी घटना शिक्षणाधिकाऱ्यांना २४ तासांत कळवायला सांगितलं आहे. पोक्सोतही २४ तास आहेत, पण ते पोलिसांसाठी: माहिती मिळाल्यापासून २४ तासांत त्यांनी मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. शिक्षकाला कायद्याने अशी कुठलीही मुदत दिलेली नाही. म्हणजे त्याने लगेच कळवायचं. ‘अजून उद्या दुपारपर्यंत वेळ आहे’ असं समजून शाळेतच चौकशी समिती बसवली जाते, तेव्हा आरोपी घरातलाच असला, तर त्या रात्री मूल त्याच घरात झोपलेलं असतं.

आता तो पहिला अर्धा तास. मूल काहीतरी सांगतं, बहुतेक वेळा अर्धवट, भलत्याच वेळी: खेळाच्या तासाला, ताट धुताना, सुट्टी झाल्यावर दप्तर भरायला मुद्दाम वेळ लावत. ऐकणाऱ्याने बाजूला बसायचं, पण दार उघडं ठेवून. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण ते मोडावं लागणार आहे. त्याऐवजी सांगायचं, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही. तुला मदत करतील त्यांनाच मी सांगणार आहे.’ प्रश्न दोनच पुरतात: ‘काय झालं?’ आणि ‘मग?’ ‘त्याने तुला इथे हात लावला का?’ असा प्रश्न विचारला की मूल मोठ्यांना खूश करायला मान हलवतं, आणि पुढे न्यायालयात त्या मानेवरूनच उलटतपासणी होते. तपशील खणून काढायचे नाहीत. कोण, केव्हा आणि आत्ता मूल सुरक्षित आहे का, एवढं कळलं की थांबायचं. पाच जणांनी पाच वेळा विचारलं की मुलाचं सांगणं दर वेळी थोडं बदलतं, आणि मग तेच मूल खोटं ठरतं.

आरोपीला बोलावून समोरासमोर उभं करायचं नाही, माफीनामा लिहून घ्यायचा नाही. या दोन गोष्टी सर्वांत जास्त नासाडी करतात. आरोपीला सूचना मिळते, मोबाइलमधलं सगळं पुसलं जातं, साक्षीदार फिरतात. संशय घरातल्याच माणसावर असेल तर आधी घरी फोन करायचा नाही. आधी पोलीस. अशा वेळी पोलिसांनी मुलाला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं असतं आणि त्या घरात ठेवायचं की नाही ते समिती तीन दिवसांत ठरवते.

मग लिहायचं. तारीख, वेळ, कुठे, मुलाने स्वतःहून सांगितलं की विचारल्यावर, आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे. कोकणात याला फार महत्त्व आहे. घाटावरून बदलून आलेला शिक्षक ‘माका तेची भिया वाटता, मी थंय जावचंय नाय’ हे ऐकतो आणि कागदावर उतरतं ‘सदर विद्यार्थिनीने त्या ठिकाणी जाण्यास नकार दर्शविला’. भीती गेली, ‘तो’ गेला, मुलीचा आवाजही गेला. मालवणी असो, संगमेश्वरी, आगरी किंवा कातकरी, शरीराच्या भागांना मूल घरात जो शब्द वापरतं तोच लिहायचा, लाज वाटली तरी. अर्थ कळला नाही तर आपल्या मनाने लावायचा नाही. कायद्यात दुभाष्याची सोय आहे. मुलाने दिलेली माहिती त्याला कळेल अशा सोप्या भाषेत नोंदवायची, हेही कलम १९ मध्येच आहे.

घटना ताजी असेल तर वेळ आणखी थोडा. मुलाला आंघोळ घालायची नाही, कपडे धुवायचे नाहीत. कपडे बदललेच असतील तर कागदी पिशवीत किंवा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचे. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात एका रात्रीत बुरशी चढते. ओले असतील तर सावलीत वाळवून मग गुंडाळायचे. एचआयव्हीपासून संरक्षणाची औषधं आणि गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, म्हणून ‘सोमवारी बघू’ चालत नाही. रुग्णालयाने उपचाराआधी एफआयआर किंवा पोलिसांचं पत्र मागायचं नाही, उपचार मोफत द्यायचे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने, आई-वडिलांच्या किंवा मुलीचा विश्वास असलेल्या माणसाच्या उपस्थितीत करायची.

फोन कुठे करायचा? तातडीचं असेल तर ११२. चाइल्डलाइनचा १०९८ चोवीस तास आणि मोफत आहे. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा २०२३ पासून सरकारी यंत्रणेमार्फत चालते आणि ११२ शी जोडली आहे. मारहाण, उपासमार, बालविवाह, भट्टीवर राबवलं जाणं, यासाठीही १०९८ लावायचा. मात्र लैंगिक गुन्ह्यात फक्त १०९८ वर सांगून आपलं कर्तव्य संपलं असं समजू नये. ठाण्यात लेखी माहिती द्यायची. ती नोंदवून तिला क्रमांक द्यायचा आणि माहिती देणाऱ्याला वाचून दाखवायची, असं कायदा सांगतो. तो क्रमांक मागून घ्यायचा. एफआयआरची प्रत मोफत मिळते. हद्दीचा वाद निघाला, म्हणजे मुलगी राजापूरची आणि घटना देवगडात, तर जवळच्या ठाण्याने शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून पुढे पाठवायचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, हे लिहिलेलं आहे. ठाणे अंमलदाराने टाळलं तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

मुलाला ठाण्यात नेऊन बसवण्याची गरज नाही. जबाब घरी किंवा मुलाला हवं तिथे, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगितलं तर अर्धी भीती जाते. उरलेली अर्धी पैशाची आणि हेलपाट्यांची. मंडणगडच्या टोकाच्या वाडीतल्या आईला रत्नागिरीला जायचं म्हणजे पहाटेची एसटी आणि बुडालेली मजुरी. २०२० च्या पोक्सो नियमांत जेवण, कपडे, प्रवास यांसाठी तातडीच्या विशेष मदतीची तरतूद आहे. बाल कल्याण समितीने शिफारस केल्यावर आठवड्याभरात पैसे मिळायचे असतात. शिवाय समिती एक सहायक व्यक्ती नेमते, ती तपासापासून खटला संपेपर्यंत कुटुंबासोबत असते. या दोन्ही गोष्टी मागितल्याशिवाय क्वचितच मिळतात, म्हणून त्या मागायच्या असतात हे शिक्षकाला माहीत हवं.

खरी अडचण गावात आहे. कोकणातली वाडी म्हणजे भावकी. आरोपी, मुलगी, सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष एकाच आडनावाचे असू शकतात. ‘देवळात बसून मिटवू’, ‘गावाची बदनामी नको’, ‘पोरीचं लग्न व्हायचंय’ ही वाक्यं बोलणारी सगळी माणसं दुष्ट नसतात. त्यांना उद्या त्याच गावात राहायचं असतं. पण या गुन्ह्यात तडजोड होत नाही. गावकीला तो अधिकार नाही, तंटामुक्ती समितीलाही नाही. पोलीस पाटलाचं तर कामच गुन्ह्याची खबर ठाण्यात देणं आहे, तो मध्यस्थ नव्हे. हे गावाला घटना घडल्यावर सांगून उपयोग नाही, त्या वेळी प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी बाजूचं वाटतं. जूनच्या पालकसभेत, कुणाचंही नाव डोळ्यांपुढे नसताना सांगायचं, आणि शिक्षकाने नव्हे तर ठाण्यातल्या अधिकाऱ्याने सांगायचं. म्हणजे पुढे शिक्षकाला म्हणता येतं, ‘माझ्या हातात नाही. मला कळवावंच लागतं.’ एकट्या बाहेरगावच्या शिक्षकाला गावाच्या दबावापुढे उभं राहायला यासारखा आधार नाही.

गुप्ततेचा नियमही इथे शहरासारखा पाळून भागत नाही. कलम २३ नुसार मुलाचं नावच काय, शाळा, परिसर किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. सातवीत तीनच मुली असलेल्या शाळेबद्दल ‘अमुक शाळेतली सातवीतली मुलगी’ एवढं व्हॉट्सअॅपवर गेलं की नाव घेतल्यासारखंच झालं. स्थानिक वार्ताहरांनाही हे सांगावं लागतं, आणि केंद्राच्या शिक्षकांच्या ग्रुपलाही.

जागृती कुणाची करायची, याची यादी शिक्षकांपाशी संपू नये. मूल पुष्कळदा पहिल्यांदा पोषण आहाराच्या मावशीला सांगतं, अंगणवाडी सेविकेला, नाहीतर रोज सोडणाऱ्या रिक्षावाल्याला. आंब्याच्या बागांत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं आणि वीटभट्टीवरून परतलेली कातकरी मुलं यांना विचारणारं गावात नात्याचं कुणी नसतं. आश्रमशाळेतल्या मुलाला तर रात्रीही तिथेच राहायचं असतं, त्यामुळे तिथे अधीक्षकाशिवाय बाहेरचा माणूस ठरवून दिलेला हवा. मालवण, गुहागर, काशीदकडे घरगुती निवास चालवणाऱ्यांनीही कलम २० वाचावं. हॉटेल, लॉज आणि रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना मुलाच्या लैंगिक शोषणाचं साहित्य किंवा वस्तू आढळली तर कळवण्याचं बंधन त्यात आहे.

मुलग्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सगळे कार्यक्रम मुलींना एका वर्गात बसवून होतात आणि मुलगे मैदानात पाठवले जातात. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल केला. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. पोक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही. आपण करतो.

एक आक्षेप प्रामाणिक आहे. अकरावीतल्या दोघांचं प्रेम, पळून जाणं, हेही याच कायद्यात बसतं, आणि आपण कळवलं तर एका पोराचं आयुष्य जाईल, असं शिक्षकांना वाटतं. ही चिंता खोटी नाही. विधी आयोगाने २०२३ च्या २८३ व्या अहवालात संमतीचं वय खाली आणायला नकार दिला, पण सोळा ते अठरा वयातल्या अशा प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायालयाला विवेक वापरता यावा, असं सुचवलं. तो बदल व्हायला हवा, असं मलाही वाटतं. पण कुठलं प्रेम आणि कुठलं शोषण, हा निवाडा शाळेच्या कार्यालयात करायला लागलो तर तिथे आधी सुटतो तो चाळिशीतला ओळखीचा माणूस.

जिल्हा परिषदांनी काय करावं? नवी योजना नको. दर महिन्याची केंद्रस्तरीय शिक्षण परिषद आहेच. जूनमधल्या परिषदेतले दोन तास यासाठी राखावेत. ठाण्यातली महिला अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्षातला माणूस आणि ग्रामीण रुग्णालयातली एक परिचारिका यांना बोलवावं. भाषण अर्धा तासच. उरलेल्या वेळात शिक्षकांनी तिघातिघांच्या गटाने सराव करावा: एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने ऐकायचं आणि नंतर लिहायचं, तिसऱ्याने ठाणे अंमलदार व्हायचं आणि टाळाटाळ करायची. लिहिलेले कागद मोठ्याने वाचले की किती शब्द आपण बदलले ते तिथल्या तिथे कळतं. १०९८ वर सरावाचा फोन मात्र लावायचा नाही. ती लाइन खऱ्या मुलासाठी मोकळी हवी.

वेळापत्रकही आपलं हवं. बालदिनाच्या नोव्हेंबरची वाट पाहू नये. गणपतीत आणि मे महिन्यात घरं भरतात, माजघरात रांगेने अंथरुणं पडतात, आणि अशा बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. मुलांशी बोलायचं ते सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात. सुट्टीनंतरच्या आठवड्यात शिक्षकांनी बघायचं: कोण गप्प झालं, कुणाचं अंथरूण ओलं होऊ लागल्याचं आई सांगते, कोण घरी जायला तयार नाही.

आणि शाळेत एकच कागद, पेटीच्या शेजारी, मुलांच्या उंचीवर चिकटवलेला. ठाण्याचा क्रमांक, ११२, १०९८, बाल कल्याण समिती, जवळचं रुग्णालय. वाडीत रेंज कुठे येते तेही, कारण फोन लावायला पाराजवळ किंवा सड्यावर चढून जावं लागतं, हे नव्या शिक्षकाला ठाऊक नसतं. शेवटची ओळ मोकळी ठेवायची, ‘शाळेबाहेरची एक बाई’ अशी. तिचं नाव पालकसभेत, मुलांना विचारून भरायचं. ती अंगणवाडी सेविका असेल, आशा सेविका असेल, नाहीतर शेजारच्या वाडीतली निवृत्त बाई. पेटीची किल्ली तिच्याकडे द्यायची आणि दर शनिवारी तिने ती उघडायची.